फुईचा रकाना

आमच्या मंडळाची सभा नावघाटावर भरायची. दुपार कलली की नावाडीदादा नाव वाळूत ओढून कलती करायचा, तिच्या सावलीत पोती अंथरायचा आणि कोणी कुठं बसायचं ते बोटानं दाखवायचा. त्यानं जन्मभर माणसं तोलून नावेत बसवलेली. वाळूतसुद्धा एका बाजूला भार झाला की त्याला चैन पडत नसे. त्यामुळे आमचे अध्यक्ष आप्पा कायम एका पोत्यावर एकटे आणि बाकीचे सगळे त्यांच्या समोर. आप्पा अंगानं भरभक्कम होते, नावाडीदादा त्यांना दोन माणसं धरायचा.

दिवाळीनंतर तापीचं पाणी निवळतं. कोवळी उन्हं, पलीकडचा काठ धुरकट, कापसाच्या गाड्या नावेची वाट बघत उभ्या आणि बैल डोळे मिटून रवंथ करताहेत. त्या दुपारी खरंच एवढ्या लांब होत्या, की माझ्या मनानं मागाहून त्या ताणल्या, हे आता सांगता येत नाही. मी बावीस-तेवीसची असेन. मांडीवर पाटी, पाटीवर कागद, शेजारी वाळूत रुतवलेली दौत. वाऱ्यानं कागद फडफडला की मी त्यावर हात ठेवायची आणि हाताखाली तो उबदार लागायचा.

मंडळाचं काम साधं होतं. कोणी आजारी पडलं, कोणाचं बाळंतपण अडलं, कोणाचं घर जळालं की धावून जायचं. बाजेला बांबू बांधून केलेली एक डोली, धुतलेल्या जुन्या लुगड्यांची एक पेटी, क्विनाइनच्या पुड्या आणि सहा माणसं, एवढाच सगळा पसारा. माझे वडील चिटणीस. शाळेचे हेडमास्तर म्हणून निवृत्त झाले होते, पण मोतीबिंदूनं नजर गेलेली, म्हणून लिहिणं माझ्याकडे आलं. आई आधीच गेली होती. मी लग्न होऊन गेले होते आणि तीन वर्षांत पांढऱ्या कपाळानं माहेरी परत आले होते. माझं अक्षर मोत्याच्या दाण्यासारखं आहे असं सगळे म्हणत, आणि मला ते ऐकायला फार आवडे. कौतुक करण्याजोगं माझ्याकडे तेवढंच उरलं होतं.

त्या साली मंडळाची रीतसर नोंदणी करायचं ठरलं. नोंदणी झाली तर आठवड्यातून एकदा तरी डॉक्टर नदीच्या या अंगाला यावा, असा अर्ज करता आला असता. नंदुरबारच्या वकिलांनी कागदाचा नमुना पाठवला. त्यात पंचांची यादी हवी होती: नाव, गाव आणि धंदा. मी पट्टीनं रकाने आखले आणि सुरुवात केली.

आप्पांचा धंदा शेती. त्यांचे पणजोबा गुजरातेतून इकडं आले, तेव्हापासून काठाची काळी जमीन, कापूस आणि केळी. कुठलीही वस्तू हातात आली की आप्पा ती आधी दोन बोटांत धरून ताणून बघायचे, जशी कापसाची तार बघतात तशी. माझा कागदसुद्धा त्यांनी तसाच ताणून पाहिला आणि मान हलवली. "मजबूत शे," म्हणाले.

दुसरे कंपाउंडरकाका. तीस वर्षं सरकारी दवाखान्यात औषधांच्या बाटल्यांवर डोसाच्या कागदी पट्ट्या चिकटवल्या, आणि बोलणंही तसंच झालं, मोजून तीन वेळा, जेवणानंतर. तिसरे काटेवालेबाबा. यांनी रेल्वेत रुळांचे काटे बदलले. एक काटा चुकला तर शंभर माणसं मरतात, म्हणून कोणाचंही बोलणं ते एकदा मोठ्यानं परत म्हणून घेत, मगच त्यांना ते खरं वाटे. वारा दक्षिणेकडून आला की नंदुरबारच्या गाडीची शिट्टी ऐकू येते असं त्यांचं म्हणणं होतं. आम्हाला कोणालाही ती कधी ऐकू आली नाही. पण ते कमरेचं घड्याळ काढून बघत आणि "बरोबर टाईमवर," असं समाधानानं म्हणत, तेव्हा आम्ही सगळे क्षणभर कान देऊन बसायचो.

नावाडीदादाचा धंदा लिहायला त्याला विचारावंच लागलं नाही. वडिलांचा लिहिताना मात्र वडील म्हणाले, "निवृत्त हा शब्द ठळक काढ." का, ते मी विचारलं नाही.

सहावी फुई. तिच्या रकान्याशी आले आणि लेखणी थांबली.

सारं गाव तिला फुई म्हणायचं, पण नात्यानं ती कोणाचीच आत्या नव्हती. तिचं काम काय होतं ते गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं आणि ते कोणी तोंडानं म्हणत नसे. घरात मोठं दुखणं आलं, मरण आलं, कोणी बाई भरल्या घरात एकटी पडली की फुई यायची. तिला बोलवायचं नसतं. बोलावणं म्हणजे दुखण्यालाच आवतण. ती आपणहून येते, बसायला स्वतःची गोणपाटाची घडी आणते, दुखणाइताच्या उशाशी बसते आणि कापसाच्या वाती वळते. बोलत नाही, उपाय सांगत नाही. नुसती सोबत. जाताना आपल्याकडं कोणी "जाते" म्हणत नाही. पुण्याची असो की आमच्याकडची, "येते" नाहीतर "येस" म्हणूनच बाई उंबरा ओलांडते. फुई मात्र दुखण्याच्या घरून निघताना काहीच म्हणायची नाही. तिनं परत येणं म्हणजे काय, ते सगळ्यांना कळत होतं. गोणपाट काखेत मारायचं आणि मुकाट चालू लागायचं. ती अशी न बोलता गेली की घरातली माणसं सुटकेचा श्वास टाकत.

मी परत आले तेव्हा ती माझ्याजवळ एकवीस दिवस बसली होती. मी भिंतीकडं तोंड करून पडलेली असायची. मागे हातानं कापूस पिंजताना होतो तसला अगदी बारीक आवाज यायचा, आणि तो आवाज आहे म्हणजे अजून दिवस आहे, एवढंच मला समजायचं. बाविसाव्या दिवशी जाग आली तर उशाशी वातींचा जुडगा ठेवलेला आणि फुई नव्हती. मी उठले आणि तोंड धुतलं.

आता हे रकान्यात कसं लिहायचं? नाव घेतलं की दुखणं घरात येतं असं गावानं पिढ्यान्‌पिढ्या मानलेलं. मी रकाना कोरा सोडला. पंधरा दिवसांनी वकिलांकडून कागद परत आला. कोऱ्या रकान्याला तांबड्या पेन्सिलीचा गोल, आणि खाली दोन ओळी: जागा रिकामी चालणार नाही, धंदा भरा नाहीतर बाईचं नाव काढा.

नावेच्या सावलीत खल सुरू झाला. फुई तेव्हा कोणाच्या तरी उशाशी बसली होती, म्हणून सभेला नव्हती. आप्पा म्हणाले, शेती लिहा. पण तिच्या नावावर वीतभर जमीन नव्हती. नावाडीदादा म्हणाला, परिचारिका का काय म्हणतात ते लिहा. त्यावर कंपाउंडरकाका उसळले, "सर्टिफिकेट कुठाय?" काटेवालेबाबांनी सुचवलं, विधवा लिहा. माझं डोकं फिरलं. "मीही तीच आहे, बाबा. तो काय धंदा झाला?" असं मी फाडकन म्हणाले. त्यांनी सवयीनं माझं वाक्य मोठ्यानं परत म्हटलं आणि मग ओशाळून घड्याळ काढलं. खरा शब्द प्रत्येकाच्या ओठांवर होता. पाच जणांपैकी एकाचीही छाती झाली नाही, प्रत्येकाच्या घरी कोणी ना कोणी खोकत होतंच.

वडील कंटाळले होते. "लिही, काही नाही," म्हणाले. "आणि संपव एकदाचं."

आणि मी लिहिलं. दुसऱ्या कोणावर ढकलायला जागा नाही. लेखणी माझ्या हातात होती आणि अक्षर माझं होतं. धंद्याच्या रकान्यात, फुईच्या नावापुढं, काही नाही. चांगलं घोटून, नेहमीसारखं मोत्याचं.

चार दिवसांनी सगळे सही-अंगठ्याला जमले. कागद आधी पूर्ण वाचून दाखवायचा आणि मग अंगठा घ्यायचा ही वडिलांची शिस्त होती. मी वाचत गेले. आप्पांनी मोडीत सही केली. नावाडीदादानं अंगठा उठवला आणि तो लुगड्यांच्या पेटीला पुसला म्हणून बोलणी खाल्ली. मग फुईची ओळ आली. मी ती भराभर वाचली, लपवण्याजोगं असलं की माणूस भराभर वाचतो. फुई ऐकत होती. तिनं ते "काही नाही"ही ऐकलं. डावा अंगठा शाईत बुडवला, मी दाखवलं तिथं नीट दाबून ठेवला, आणि उचलून उन्हात धरला.

मग ती उठली, पदर सावरला, आणि सगळ्यांकडं बघून म्हणाली, "येस मी."

साधी बाई हळदीकुंकवाहून निघताना म्हणते, तसं. तिच्या तोंडून तो शब्द गावात आजवर कोणी ऐकला नव्हता. नावाडीदादाच्या हातातली दोरी हातातच राहिली. काटेवालेबाबांनी हळूच विचारलं, "येस म्हनी ना ती? येस म्हनी?"

त्या दिवसापासून फुई कोणाच्याही घरी गेली नाही. तेल्याची सून बाळंतपणात अत्यवस्थ झाली, फुई गेली नाही. दोघी कशाबशा वाचल्या, सून आणि मुलगी. नदीकाठची एक म्हातारी कोणी उशाशी नसताना गेली. फुई आपल्या दारात ऊन खात बसलेली असायची. समोरून गेलं की हसून म्हणायची, "कुठं चालनी, पोरी?" मी म्हणायची, "पाणी आणायला." ती रुसली आहे, असं मी धरून चालले, आणि रुसलेल्या माणसाची मनधरणी करायला जाण्याइतकं माझं नाक लहान नव्हतं. कागद घरातच पडून होता. आप्पांच्या कापसाच्या गाड्या नंदुरबारला निघतील तेव्हा त्यांच्याबरोबर तो जायचा होता.

गाड्या निघायच्या आधी वडिलांना हिवताप आला.

मंडळाच्या माणसांनी काही कमी केलं नाही, हे सांगायलाच हवं. कंपाउंडरकाका क्विनाइन घेऊन आले आणि पट्टी चिकटवलेली बाटली उशाशी ठेवून गेले. नावाडीदादानं नाव दिवसभर पाण्यात तयार ठेवली. आप्पांनी गाडी जुंपून दाराशी लावली आणि केळ्यांचा घड आत टाकला, जो खाणारं घरात कोणीच नव्हतं. काटेवालेबाबा ओट्यावर घड्याळ धरून बसले आणि हुडहुडी किती वाजता आली, किती वाजता गेली, ते बरोबर सांगत राहिले. प्रत्येकजण जन्मभर जे शिकला ते घेऊन आला होता. आणि तरीही दुपारच्या उन्हाची तिरीप जमिनीवरून सरकत बाजेशी आली की वडील दाराकडं तोंड करत आणि विचारत, "दारात कोण आहे?"

"काटेवालेबाबा आहेत," मी सांगायची.

"आणखी कोण?"

तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारणं सोडून दिलं. नुसते दाराकडं बघत पडायचे, ज्या डोळ्यांना दार दिसत नव्हतं त्या डोळ्यांनी. ते मला सोसलं नाही. बोलवायचं नसतं हे मला ठाऊक होतं, पण मी कागद घेतला, दौत घेतली आणि फुईच्या दाराशी जाऊन उभी राहिले.

ती सरकी निवडत होती. मी म्हटलं, "फुई, एवढा राग?"

तिला खरंच समजलं नाही. "राग कसाना वं?" ती म्हणाली. "तुमी शिकेल लोके शेतस. हाई बाईले काही काम नही, आसं तुमी लिखं. माले वाचीसन दखाडं. मी आंगठा दिधा. आते मी कोनाना घर जाईसन बसनू ते मन्हा आंगठा खोटा पडी ना, पोरी."

मी तिथंच उंबऱ्यावर बसले. ती रुसली नव्हतीच. आम्ही शिकलेल्यांनी, विचार करून, सहा जणांच्या सहीनं तिला कामावरून मोकळं केलं असं ती समजली होती, आणि दिल्या अंगठ्याला जागत होती. इतके दिवस दारात बसून तिनं किती घरांकडं पाहिलं असेल, आणि पाय कसे बांधून ठेवले असतील? माझ्या अक्षराची मला त्या क्षणी किळस आली.

"मी दुसरा कागद लिहिते," मी म्हणाले. "तुझा धंदा काय ते लिहिते. सोबत. फुई, तू सोबत करतेस."

तिनं झटकन उठून माझ्या तोंडावर हात ठेवला. हाताला सरकीचा वास होता. "तोंडवर नको आनू," ती कुजबुजली. "तुन्हा बाप बाजवर शे."

तोपर्यंत मी बोलून बसले होते. वडील बाजेवर, आणि मी, त्यांच्या लेकीनं, तो शब्द उघड्यावर, भर दिवसा उच्चारला होता. त्यांना काही झालं तर ते माझ्या या तोंडानं झालं, असंच मी मरेपर्यंत मानलं असतं. आज हसायला येत असेल कोणाला, मला त्या दिवशी हसू आलं नाही. पण मागं फिरायला आता जागाच नव्हती. मी तिच्याच उंबऱ्यावर रकाने आखले, पाच ओळी उतरवल्या आणि सहाव्या ओळीत लिहिलं: सोबत. त्या कागदावरचा तो एकच शब्द वाकडा आला.

मग मी घरोघर फिरले. आप्पांनी वाचलं, शब्दाशी थांबले, कागद दोन बोटांत धरून ताणला आणि मोडीत सही केली. कंपाउंडरकाकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "सर्टिफिकेट नाही हो तिला," असं अगदी बारीक आवाजात म्हणाले आणि सही करून टाकली. नावाडीदादानं नावेतूनच हात लांब केला आणि अंगठा उठवला. काटेवालेबाबांना मी ओळ वाचून दाखवली आणि श्वास रोखून थांबले, कारण ते मोठ्यानं परत म्हणणार हे मला माहीत होतं. ते आमच्या ओट्यावरच बसलेले, आत वडील. त्यांनी एकदा आत बघितलं, एकदा घड्याळाकडं. जन्मात पहिल्यांदा त्यांनी ऐकलेलं परत म्हटलं नाही. गुपचूप अंगठा दिला. वडिलांचा हात मी धरून सही करवली. काय लिहिलंय ते त्यांनी विचारलं नाही, त्यांना ते कळलं होतं असं मला वाटतं.

उन्हं कलताना मी परत फुईकडं गेले. तिनं अंगठा दिला. मग तळहात पुढं करून म्हणाली, "मन्हा आंगठा माले परत दे."

मी जुना कागद काढला, तिचा अंगठा होता तेवढा तुकडा फाडला आणि तिच्या हातावर ठेवला. तिनं तो चुलीत घातला आणि जळेपर्यंत बघत राहिली. मग खुंटीवरचं गोणपाट काढलं.

फुई आमच्या घरी नऊ दिवस बसली. वडिलांनी पहिल्या दिवशी विचारलं, "दारात कोण?" आणि उत्तर यायच्या आत त्यांना तो बारीक आवाज ऐकू आला असावा, कारण त्यांनी पुन्हा विचारलं नाही. मी सैपाक करायची, पाणी आणायची, मध्येच येऊन दारातून बघायची. तिरीप जमिनीवरून सरकत बाजेपर्यंत यायची, फुईच्या बोटांवर चढायची, तिथं वाती व्हायच्या, आणि सरकून भिंतीवर जायची. घरात कोणी बोलत नव्हतं आणि कोणाला बोलायचंही नव्हतं. मी उच्चारलेल्या शब्दाची भीती मात्र सारखी सोबत होती. प्रत्येक हुडहुडीला मी देवघराशी जाऊन स्वतःच्या जिभेला शिव्या घालायची.

सातव्या दिवशी हुडहुडी आली नाही. आठव्याला आली नाही. नवव्या दिवशी दुपारी वडिलांनी भाताची पेज मागितली आणि तिच्यात मीठ कमी आहे म्हणून मला बोलले.

फुईनं वाती गोळा केल्या, जुडगा बांधून उशाशी ठेवला, गोणपाटाची घडी केली आणि ती उठली. मी दाराला टेकून उभी होते. तिनं माझ्याकडं पाहिलं, आणि मला त्या घटकेला दुसरं काही सुचेना, फक्त तिच्या ओठांकडं बघत राहिले. तिनं उंबरा ओलांडला. ओट्यावरच्या काटेवालेबाबांना वळसा घातला आणि चालू लागली. कोपऱ्यावर तिचं लुगडं दिसेनासं झालं. मी तिथंच खाली बसले आणि पदर तोंडात कोंबून रडले.

आतून वडिलांचा आवाज आला. "फुई गेली का?"

"गेली."

"निघताना काही म्हणाली?"

"नाही," मी म्हणाले.

"मग ठीक आहे," ते म्हणाले, आणि दाराकडं पाठ करून झोपले.